ताशी अडतीस लिटर

"वर गेल्यावर तोंड बंद ठेवायचं," टिपणीस साहेब म्हणाले. "कॉकपिटमध्ये एकच माणूस बोलतो. तो मी."

मी उजव्या सीटवर बसून पट्टा आवळत होते. विमानाभोवती चार मेकॅनिक, आमचे मालक धनपाल मगदूम आणि त्यांनी बोलावलेला फोटोग्राफर एवढी माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. हसलं कुणी नाही. पण आमचा जुना मेकॅनिक संभाजी हातातला फडका उगीचच झटकायला लागला, तेव्हा मला कळलं की त्याला माझ्याकडे बघवत नाहीये. मी "बरं" म्हणाले. पट्टा इतका ओढला होता की खांद्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ राहिला.

जानेवारी १९९९ची गोष्ट. सकाळचे पावणेआठ वाजले होते, कोल्हापूरच्या धावपट्टीशेजारचं गवत अजून ओलं होतं. आम्हाला मध्ये कुठंही न उतरता नागपूर गाठायचं होतं, एका टाकीत, सातशे किलोमीटर. तिथं दिल्लीहून आलेली पाहणी समिती आमची वाट बघत थांबणार होती.

मी सुलक्षणा चौगुले. वडील उद्यमनगरात टर्नर होते, त्यामुळं लेथचा आवाज मला कधी आवाज वाटलाच नाही. मेकॅनिकल करून मी मगदूम शेठच्या कारखान्यात लागले. शेठची फाउंड्री होती, शेतीपंपांची इंजिनं व्हायची. पन्नाशीला आल्यावर त्यांच्या डोक्यात विमान शिरलं. दोन सीटचं, हलकं. जंगलाची, कालव्यांची पाहणी करायला सरकारनं विकत घ्यावं असं. त्यासाठी त्यांनी एका जुन्या जपानी मोटारीतलं रोटरी इंजिन आणलं आणि माझ्या ताब्यात दिलं.

साध्या इंजिनात पिस्टन खालीवर होतो आणि डोक्यावरचे व्हॉल्व्ह उघडझाप करतात. रोटरीत यातलं काहीच नाही. अंड्यासारख्या पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक जाड रोटर गरगरत राहतो, बस. वजनाला हलकं, थरथर जवळजवळ नाहीच, विमानाला अगदी हवं तसं. दोष एकच, पेट्रोल ढसाढसा पितं. त्यापायी जगभरात लोकांनी ते नाकारलं होतं.

माझं काम त्याची ही तहान कमी करण्याचं. उपाय तसा सगळ्यांना माहीत असतो. विमान उंची गाठून सरळ चालायला लागलं की इंजिनात जाणारं पेट्रोल कमी करायचं, मिश्रण पातळ करायचं. साध्या इंजिनात हे करताना जीव मुठीत धरावा लागतो, कारण पातळ मिश्रण आधी गरम जळतं, इंजिन ठोके मारायला लागतं, व्हॉल्व्ह जळतात. रोटरी मात्र हे सोसतं. त्या गरम टप्प्यातून पुढं जाऊन आणखी पातळ केलं, तर ताप पुन्हा उतरायला लागतो. अति केलं की मात्र इंजिन मिसिंग करतं, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या नळीत पेटतं आणि नळी लालभडक होते. पेट्रोल वाचतं पण इंजिन कुरकुरत नाही, ती जागा नेमकी कुठं आहे हे शोधायला मला चौदा महिने लागले. टेस्ट बेंचवर दोनशे तास. कानावर मफ, समोर जाड काच, काचेपलीकडे ते इंजिन. मिश्रणाच्या नॉबला वीस खाचा होत्या. चौदाव्या खाचेवर ते ताशी एकतीस लिटर घ्यायचं आणि मांजरासारखं गुरगुरत राहायचं. सोळाव्यावर खोकायचं. दहाव्या खाचेवर घ्यायचं ताशी अडतीस. चौदा आणि दहा, दोन्हीकडे एक्झॉस्टचा ताप सारखाच. हे मी एकदा नाही, साठ वेळा मोजलं होतं.

विंग कमांडर मनोहर टिपणीस हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्याकडे वैमानिक म्हणून आले होते. वय सत्तावन्न, पाठ ताठ, सहा हजार तासांचं उड्डाण. विमान ते फार सुंदर उडवायचे, हे मला तेव्हाही कबूल होतं. मी त्यांना तीन वेळा टेस्ट बेंचवर बोलावलं. तिन्ही वेळा ते आले नाहीत. शेवटच्या वेळी म्हणाले, "जमिनीवरच्या इंजिनाशी माझी ओळख नाही. मी वरच्या इंजिनाला ओळखतो."

डिसेंबरात शेठच्या ऑफिसात बैठक झाली. सात-आठ माणसं होती. मी माझे आकडे मांडले आणि चौदाव्या खाचेवर नागपूरपर्यंत जाऊन चोवीस लिटर शिल्लक राहतात हे दाखवलं. टिपणीस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एक हकिगत सांगितली. ऐंशीच्या सुमाराला त्यांचा एक मित्र फवारणीचं विमान उडवायचा. मालकाला पेट्रोल वाचवायचं होतं म्हणून तो मिश्रण पातळ ठेवायचा. एके दिवशी शेतावर दहा फुटांवरून जाताना व्हॉल्व्ह जळाला. त्या मित्राची राख घेऊन टिपणीस साहेब मद्रासला गेले होते. ते हे शांतपणे, कुणाकडं न बघता सांगत होते.

आणि मी म्हणाले, "पण साहेब, या इंजिनाला व्हॉल्व्हच नाहीत. जळणार काय?"

कुणीतरी हसलं. मग शेठ हसले, सगळ्यात मोठ्यानं, टेबलावर थाप मारून. टिपणीस साहेबांनी कागद गोळा केले, उभे राहिले आणि दाराशी जाऊन वळले.

"बेंचवर कुणी मरत नाही, मिस चौगुले," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलेनासे झाले. काही विचारायचं असलं तर संभाजीला विचारायचे, मी तीन हातांवर उभी असले तरी. माझे आकडे त्यांच्या तोंडी 'मॅडमचं गणित' झाले. ड्रॉइंगवर मी सही केलेली असली की ते दुसऱ्या कुणाची सही मागायचे. मी घरी जाऊन भांडी आपटायचे. आई विचारायची काय झालं, मी म्हणायचे काही नाही. नागपूरच्या उड्डाणात मला बरोबर नेण्याला त्यांचा विरोध होता, पण समितीला इंजिनाचे आकडे घेऊन येणारा इंजिनिअर समोर हवा होता, म्हणून शेठनी त्यांना गळ घातली. ते तयार झाले. त्यांची अट काय होती, ती त्या सकाळी विमानाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलीच होती.

आम्ही उडालो. पंधरा मिनिटांत उंची गाठली. खाली कृष्णा मागं पडली, पुढं सोलापूरकडचा सपाट, करडा मुलूख पसरला. टिपणीस साहेबांनी नॉब फिरवला आणि चौदाव्या खाचेवर आणला. माझ्या गुडघ्याशी एक लहान मीटर बसवलं होतं, इंजिन दर तासाला किती पेट्रोल घेतंय हे दाखवणारं. ते चाचणीपुरतं होतं आणि फक्त माझ्या बाजूनं दिसायचं. त्यांच्यासमोर टाकीचा साधा काटा होता, जो पाव टाकीच्या आसपास नेहमी अडकायचा. माझ्या मीटरवर एकतीस आलं. इंजिन गुरगुरत होतं. माझ्या अंगावर शहारा आला. चौदा महिन्यांनी ते काचेपलीकडचं इंजिन मला हवेत घेऊन चाललं होतं.

दहा मिनिटं झाली असतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात खाली नेला आणि नॉब मागं घेतला. एक, दोन, तीन, चार खाचा. दहावर.

मीटर चढत गेलं. तेहेतीस, पस्तीस, अडतीस.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते समोर बघत होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. जणू घरातल्या पंख्याचा वेग कुणीतरी बदलून गेलं होतं आणि यांनी तो पुन्हा पहिल्यासारखा केला. चौदा महिने, दोनशे तास, साठ मोजण्या, त्यांनी दोन बोटांनी पुसून टाकल्या. माझ्या कानशिलांत ठणका बसायला लागला. मी काही बोलले नाही. मला बोलायला मनाई होती.

दोन तास असेच गेले. लातूरच्या उत्तरेला, मग हिंगोली, मग पैनगंगा. तीन वेळा त्यांनी टाकीच्या काट्याकडं बघितलं आणि घड्याळाकडं. एकदा काचेवर टिचकी मारली. ते मनात काय हिशेब करत होते ते मला दिसत होतं. चार खाचांनी तासाला दोन-तीन लिटर वाढतील, फार तर. आणि चोवीस लिटर शिल्लक राहणारच आहेत असं ही पोरगी म्हणते. साध्या इंजिनात ते बरोबरही ठरलं असतं. हे इंजिन तसं नव्हतं.

उजव्या हाताला यवतमाळची धावपट्टी आली. रिकामी, उन्हात पांढरी पडलेली. ती हळूहळू पंखाखाली सरकली आणि मागं गेली.

वर्धा ओलांडल्यावर पाचेक मिनिटांत इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा चाललं, आणि बंद पडलं. पंख्याची पाती समोर उभी राहिली. मला वाटलं होतं अशा वेळी मोठा आवाज होत असेल. आवाज असतो तो वाऱ्याचा.

टिपणीस साहेबांनी नाक किंचित खाली घेतलं, वेग धरला आणि डावीकडं वळले. हात घाईत नव्हते. खालची शेतं न्याहाळत त्यांनी विचारलं, "मीटर काय म्हणतं?"

"शून्य."

"आधी काय म्हणत होतं?"

"अडतीस."

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं एकदा बघितलं. फार तर एक सेकंद. मग पुन्हा शेतं बघायला लागले.

सोयाबीन काढून मोकळं पडलेलं एक लांब रान त्यांनी निवडलं. शेजारी कपाशीचं वावर होतं, त्यात लुगड्यांचे रंग दिसत होते, बाया वेचणीला होत्या. आम्ही त्यांच्या डोक्यावरून गेलो. चाकं टेकली, विमान खडखडत धावलं, वेग मरत आला आणि अगदी शेवटी पुढचं चाक धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दगडात अडकलं. विमान स्वतःभोवती गर्रकन फिरलं. उजवा पंख धुऱ्यावरच्या एका बाभळीत घुसला आणि सगळं थांबलं.

माझं मनगट सुजलं होतं, बाकी काही नाही. टिपणीस साहेबांचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. आम्ही एकमेकांना धरून खाली उतरलो. तेवढ्यात कपाशीतून एक बाई पळत आली. ती आमच्याकडं आलीच नाही. सरळ बाभळीकडं गेली, पंखाच्या टोकाखाली वाकली आणि फडक्यात गुंडाळलेली एक लहान मुलगी तिनं उचलली. मुलगी वर्षा-दीड वर्षाची असेल. तिला झोपेतून उठवल्याचा राग आला होता आणि ती रडायला लागली. तिच्या अंथरुणापासून पंखाचं फाटलेलं टोक हातभर अंतरावर होतं. मी नंतर मोजलं नाही. मोजवलं नसतं.

बाई मुलीला घेऊन आमच्यासमोर उभी राहिली.

"माही पोरगी निजली होती थ्या झाडाखाली," ती म्हणाली. "सावली पाहून निजवली होती म्या. तुमी वरतून आमच्या अंगावर पडता?"

"चूक माझी आहे, बाई," टिपणीस साहेब म्हणाले. एका हातानं दुसरा हात धरून ते ताठ उभे राहायचा प्रयत्न करत होते. "सगळी माझी."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा माणूस, चेहरा पांढराफटक. तिचा राग त्यांच्यावर ठरेना. मग तिनं माझ्याकडं मान वळवली, मी बाई होते म्हणून असेल.

"अन् तू? तू काय करून राह्यली होती वं?"

मी म्हणाले, मी मीटर बघत होते.

ती थुंकली. माझ्या पायाशी नाही, बाजूला. आणि मुलीला छातीशी दाबून निघून गेली.

नागपूरची समिती दुपारी दिल्लीला परतली. मगदूम शेठ दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात आले आणि व्हरांड्यातूनच टिपणीस साहेबांना वाट्टेल ते बोलले. विमान मोडलं, इंजिनाची बदनामी झाली, वर्तमानपत्रात 'पेट्रोल संपल्यानं विमान शेतात' असं छापून आलं होतं. मला मात्र ते म्हणाले, तुझी काही चूक नाही पोरी, तुझं गणित बरोबर होतं हे म्हाताऱ्यानंच सिद्ध केलं. मी हे वाक्य ऐकायला चौदा महिने थांबले होते. ऐकलं, आणि दवाखान्याबाहेर निघून गेले.

पंधरा दिवसांनी पुण्याला चौकशी झाली. एका सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तीन सदस्य, एक टंकलेखक आणि आम्ही दोघं. टिपणीस साहेबांचा हात गळ्यात बांधलेला होता. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, मिश्रण दाट का केलंत. ते म्हणाले, इंजिन जपायला, सवयीनं. मग विचारलं, पेट्रोल कमी पडतंय याची तुम्हाला कल्पना होती का.

"होती," टिपणीस साहेब म्हणाले. "मिस चौगुलेंनी मला दोनदा सांगितलं. एकदा यवतमाळच्या आधी, एकदा यवतमाळ गेल्यावर. मी ऐकलं नाही."

टंकलेखकाची बोटं चालत राहिली. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विचारलं, असंच झालं ना.

मी मान हलवली. होकारार्थी.

दहा मिनिटांत आम्हाला बाहेर पाठवलं. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी उभी राहिले.

"तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं.

"खोटं कुठं?" ते म्हणाले. "चौदा महिने तुम्ही तेच सांगत होता. दोनदा काय, दोनशेदा सांगितलंत. ऐकलं नाही ते मीच."

"वर सांगितलं नव्हतं."

"ते दोघांनाच माहीत आहे." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "माझं झालं आता. तुमचं वय सव्वीस आहे. हे असलं काही फाइलीत गेलं तर तुम्हाला कुणी इंजिनाजवळ उभं करणार नाही. जा घरी."

ते हे अगदी मायेनं बोलले. आणि मला पुन्हा तोच ठणका बसला, कानशिलांत, विमानातल्यासारखा. चौदा महिने हा माणूस माझ्या तोंडचं काही ऐकत नव्हता, आणि आज त्यानं मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलं होतं. मी काय बोलले आणि काय नाही, हेही तेच ठरवणार. मोठ्या मनानं.

मी दार ढकलून परत आत गेले. सदस्य चहा पीत होते, एकजण कागद पिशवीत भरत होता.

"माझा जबाब चुकीचा आहे," मी म्हणाले. "मी त्यांना काही सांगितलं नाही."

अध्यक्ष म्हणाले, वैमानिकांनी स्वतः मान्य केलंय, बसा जरा, पाणी घ्या. मी बसले नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. नॉब मागं गेला त्या क्षणापासून अडतीसचा आकडा माझ्यासमोर होता. तो दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. यवतमाळच्या आधी मी वहीत हिशेब केला होता, ती वही माझ्या पिशवीत आहे, बघा. अडतीसच्या दरानं आम्ही नागपूरला पोचत होतो, अवघे तीन लिटर शिल्लक ठेवून. मला तेच हवं होतं. समितीसमोर टाकी उघडली जाईल, तळ दिसेल, आणि सगळ्यांदेखत त्यांना विचारलं जाईल की बाकीचं पेट्रोल कुठं गेलं. मी ते दृश्य दोन तास मनात घोळवत होते. त्यांचा चेहरा कसा होईल ते बघत होते. यवतमाळची धावपट्टी खाली होती तेव्हा एक शब्द बोलले असते तर आम्ही उतरलो असतो. मी बोलले नाही. हिवाळ्यात तिकडं समोरून वारा असतो तो मी धरला नव्हता.

"तुम्हाला बोलायला मनाई होती, असं मेकॅनिकच्या जबाबात आहे," दुसरे सदस्य म्हणाले. मला वाट करून देत होते बिचारे. "तुम्ही दडपणाखाली होता?"

"नाही."

"घाबरला होता?"

"नाही. राग आला होता."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे असंच लिहायचं?"

"असंच लिहा."

टंकलेखकानं नवीन कागद चढवला. मी सही केली तेव्हा मनगट अजून दुखत होतं.

बाहेर टिपणीस साहेब तसेच बाकावर होते. दारातून काही ऐकू गेलं असावं. पहिल्यांदाच मी त्यांना संतापलेलं बघितलं. चेहरा तांबडा झाला होता, मोडलेल्या खांद्यासकट ते उभे राहिले.

"मूर्खपणा केलात," ते म्हणाले. "माझं गेलंच होतं, आता तुमचंही घालवलंत. काय मिळवलंत?"

"तुमच्या मेहेरबानीवर मला जगायचं नव्हतं."

"मेहेरबानी नव्हती ती."

"मग काय होतं?"

ते जिना उतरून गेले. मी वरून बघितलं, एका हातानं कठडा धरत, एकेक पायरी.

निकाल मार्चमध्ये लागला. त्यांचा परवाना सहा महिन्यांसाठी रद्द झाला. मला एक वर्ष कुठल्याही चाचणी उड्डाणात बसायला बंदी झाली आणि अहवालात एक ओळ छापली गेली, की सोबतच्या अभियंत्यास इंधनाची खरी स्थिती माहीत असूनही तिने व्यक्तिगत रागापोटी ती वैमानिकास सांगितली नाही. त्याच अहवालाच्या शेवटी माझे बेंचवरचे आकडे जोडले होते आणि ते विश्वसनीय आहेत असा शेरा होता. लोकांनी दोन्ही वाचलं. शेठ दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. कामावरून काढलं नाही, कारण ते इंजिन चालवणारं दुसरं कुणी त्यांच्याकडं नव्हतं. संभाजीनं तेवढं विचारलं, बाई, खरं सांगून काय वाटलं. मी म्हणाले, काही वाटलं नाही. ते खरं होतं. मोकळं वगैरे वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. त्या बाईचा प्रश्न होता तिथंच होता.

मे महिन्यात मी एकटीच सेलूजवळच्या त्या गावी जाऊन आले. बाई भेटली. तिचं नाव शेवंता. मी कोण ते तिनं लगेच ओळखलं. मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी काय करत होते ते. इंजिन, मीटर यातलं काही नाही. मला त्या माणसाचा राग आला होता म्हणून मी गप्प बसले, एवढंच. तिनं ऐकून घेतलं. मुलगी अंगणात कोंबडीमागं धावत होती. शेवंता म्हणाली, "आता सांगून काय फायदा," आणि मला पाणी दिलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानं प्यायले आणि निघाले.

आज मी त्रेपन्न वर्षांची आहे. त्यानंतर आमच्या त्या इंजिनावर तीन विमानं उडाली, एक अजून विदर्भात जंगलखात्याच्या पाहणीला जातं, चौदाव्या खाचेवर. पण मला सांगायचंय ते नव्व्याण्णवच्या जूनमधलं.

अकराच्या सुमाराला मी बेंचवर होते. दार उघडलं आणि टिपणीस साहेब आत आले. परवाना नव्हता, त्यामुळं कारखान्यात त्यांचं काही काम नव्हतं. साध्या पँट-शर्टात ते वेगळेच दिसत होते. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी काचेपलीकडचं इंजिन बघितलं, भिंतीवरचे तक्ते बघितले, नॉबवरचे आकडे वाकून वाचले. डाव्या खांद्यात अजून थोडा बाक होता.

"दाखवा," ते म्हणाले.

मला बरंच काही बोलायचं होतं. दीड वर्षापूर्वी का नाही आलात, हे तर पहिलं. ते सगळं तोंडाशी आलं होतं. मी खुंटीवरचे कानाचे मफ काढून त्यांच्या हातात दिले, पेट्रोलचा कॉक उघडला आणि इंजिन सुरू केलं. दहाव्या खाचेवर ठेवलं. तापमान लिहून घ्यायला लावलं, त्यांच्याच हातानं. मग अकरा, मग बारा. प्रत्येक खाचेवर वीस मिनिटं, ताप स्थिर होईपर्यंत. तेराव्यावर त्यांनी घाम पुसला. चौदाव्यावर वाकून आकडा पुन्हा वाचला, दहाच्या आकड्याशी ताडून बघितला, आणि बोटानं खूण करून विचारलं, अजून एकदा. मी नॉब परत दहावर नेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. साडेतीन तास ते उभे होते. मी त्यांना बसा म्हणाले नाही.